बॅले डान्सरचं सॉफ्ट पेस्टल पोर्ट्रेट, पहिल्यांदा करणाऱ्यांसाठी: कागद निवडण्यापासून फ्रेमपर्यंत

बॅले डान्सरचं पोर्ट्रेट करायला घेतलं की बहुतेक नवीन लोक सगळा जीव ओततात तो डोळ्यांवर आणि त्या पांढऱ्या जाळीदार टूटूवर, म्हणजे बॅलेच्या घेरदार स्कर्टवर, मग चित्र पूर्ण होतं, चेहरा छान जमतो, टूटूपण ठीकठाक असतो, पण ती मुलगी डान्सर वाटतच नाही, कुणीतरी फॅन्सी ड्रेस घालून बसलंय असं वाटतं. बॅले करणाऱ्या माणसाची ओळख मान, खांदे आणि पाठीत असते. वर्षानुवर्षं दांड्याला धरून सराव केल्यावर खांदे खाली बसतात, मान मोकळी होते, छाती उघडी राहते, आणि हे सगळं ती नुसती स्टुलावर बसून बुटाची रिबन बांधत असली तरी दिसतं. ते पकडलंत तर चेहऱ्यात थोडं उन्नीस-बीस चालून जाईल, म्हणून या लेखात मानेवर आणि खांद्यावर मी जरा जास्तच बोलणार आहे.

सामान

आपण सॉफ्ट पेस्टलबद्दल बोलतोय, ऑइल पेस्टल वेगळं, ते मेणकट तेलकट असतं आणि त्यावर सॉफ्ट पेस्टल धड बसत नाही. सॉफ्ट पेस्टल म्हणजे रंगाची पूड, अगदी थोड्या डिंकात बांधलेली, म्हणूनच रंग इतका ताजा दिसतो आणि म्हणूनच नुसतं बोट लागलं तरी पुसला जातो.

तीन प्रकार लागतील. कडक चौकोनी काड्या सुरुवातीच्या थरांसाठी, मऊ गोल काड्या वरच्या थरांसाठी, आणि चेहऱ्याच्या बारीक कामाला पेस्टल पेन्सिली. पेन्सिलीत स्टॅबिलो कार्बोथेलो किंवा फेबर-कॅस्टेल पिट चांगल्या, काड्यांमध्ये रेम्ब्रांट मध्यम मऊ आहे आणि शिकायला बरी पडते, सेनेलिए आणि श्मिंके एकदम लोण्यासारख्या, त्या शेवटच्या टचसाठी दोन-चार सुट्या घेतल्या तरी पुरतं. क्रम मात्र कायम कडक आधी, मऊ नंतर. उलटं केलंत तर कडक काडी खालचा मऊ रंग खरवडून काढते.

सेट घेताना एक बघा, त्यात गडद रंग किती आहेत. स्वस्त सेटमध्ये गुलाबी-पिवळे फिके रंग ढीगभर आणि गडद म्हणून फक्त काळा, हे हमखास. तुम्हाला गडद तपकिरी, गडद जांभळा, गडद निळसर हिरवा आणि एक खोल वाइनसारखा लाल हवाच, कारण केस, मानेखालची सावली, मागचा अंधार हे सगळं यांच्यातून होतं. काळ्याने सावली केली की तिथे भोक पडल्यासारखं दिसतं.

कागदाला दात हवेत, म्हणजे खरबरीतपणा, पूड अडकून राहायला. कॅन्सन मि-तांत १६० जीएसएमचा सहज मिळतो, त्याची एक बाजू मधमाशीच्या पोळ्यासारखी जाळीदार आणि दुसरी बरीच बारीक असते, चेहऱ्यासाठी बारीक बाजू वापरा, नाहीतर गालावर ठिपक्या-ठिपक्यांची जाळी उमटते आणि ती शेवटपर्यंत जात नाही. जास्त थर द्यायचे असतील तर पेस्टलमॅट किंवा सॅंडेड पेपर, म्हणजे सॅंडपेपरसारखा खरबरीत कागद, त्यात यूआर्ट कंपनीचा ४०० किंवा ५०० नंबर पोर्ट्रेटला छान. कागदाचा रंग पांढरा नको. मध्यम राखाडी, करडा किंवा मळकट हिरवा घ्या, कारण पांढरा टूटू पांढऱ्या कागदावर उठणार कसा? शिवाय मळकट हिरवा त्वचेच्या सावल्यांमधून थोडा-थोडा डोकावत राहतो आणि तांबूस रंगांना आपोआप थंडावा देतो, ही पोर्ट्रेटवाल्यांची फार जुनी युक्ती आहे.

बाकी मळून वापरायचा खोडरबर, एक राठ केसांचा ब्रश, नायट्राइल ग्लोव्ह्ज, ओला कपडा, बस.

धुळीबद्दल सिरियसली सांगतो. काही रंगांमध्ये कॅडमियमसारखी द्रव्यं असतात, ती श्वासातून जाणं चांगलं नाही. कागदावरची पूड फुंकून उडवायची नाही, कधीच नाही. बोर्ड उभा आणि वरून किंचित पुढे झुकलेला ठेवा म्हणजे पूड सरळ खाली पडते, खाली फॉइलची पन्हळ करून लावा, काम झालं की ती गुंडाळून टाका आणि टेबल-फरशी ओल्या कपड्याने पुसा, झाडू नका. काम करताना खाणं-पिणं बाजूला.

फोटो आणि पोझ

पहिल्या चित्राला हवेत उडी मारलेली डान्सर घेऊ नका. डोक्यापासून कंबरेपर्यंत, चेहरा थोडा वळलेला, म्हणजे थ्री-क्वार्टर, आणि उजेड एकाच बाजूने. सरावाच्या वेळची, थकून थांबलेली, रिबन नीट करणारी अशी पोझ स्टेजवरच्या पोझपेक्षा मला कधीही जास्त आवडते. एडगर देगा हा फ्रेंच चित्रकार आयुष्यभर बॅलेच्या मागे होता, त्याच्या कितीतरी चित्रांत मुली नाचत नसतातच, आळस देतात, पाठ खाजवतात, वाट बघत बसलेल्या असतात, आणि तरी कुणालाही विचारा, या डान्सर आहेत हे लगेच कळतं. कशावरून? परत तेच, मान आणि पाठ.

फोटो शक्यतो स्वतः काढा, डान्सरला विचारून. दुसऱ्याचा वापरायचा असेल तर फोटोग्राफरची परवानगी घ्या, विशेषतः चित्र कुठे लावणार किंवा विकणार असाल तर. फ्लॅश बंद, खिडकीचा उजेड सगळ्यात चांगला. फोटो खोटं बोलतो हे पण डोक्यात ठेवा, कॅमेरा सावल्या काळ्या करतो आणि पांढरं कापड इतकं पांढरंफट करतो की घड्या दिसतच नाहीत, म्हणून एकाच पोझचे दोन फोटो काढा, एक जरा उजळ आणि एक जरा अंधारा, पहिल्यात सावलीतले रंग दिसतील आणि दुसऱ्यात टूटूच्या घड्या.

साइज ए-३ तरी हवा. ए-४ वर कंबरेपर्यंतची आकृती घेतली की चेहरा इतका लहान होतो की जाड काडीने डोळा काढायचा कसा हाच प्रश्न पडतो. साधा हिशोब सांगतो, हनुवटीपासून डोक्याच्या टोकापर्यंत १२ सेंमी धरा, डोक्यापासून बेंबीपर्यंत साधारण तीन डोकी होतात, म्हणजे ३६ सेंमी, आणि ए-३ ची उंची आहे ४२. वर-खाली थोडी जागा उरते, फिट्ट बसतं.

स्केच

स्केच साध्या पेन्सिलने नको, ग्राफाइट गुळगुळीत असतं, त्यावर पेस्टल धरत नाही आणि रेघ खालून चमकत राहते. पेस्टल पेन्सिल किंवा हलका चारकोल घ्या.

चेहऱ्याच्या आधी तीन रेघा मारा. खांद्यांची तिरकी रेघ, कंबरेची तिरकी रेघ, आणि डोक्याच्या कलाची रेघ. बॅलेत खांदे आणि कंबर बहुतेक वेळा एकमेकांना समांतर नसतात, खांदे थोडे वळवायचे आणि डोकं त्या वळणाला साथ देत झुकवायचं याला ते एपोलमां म्हणतात, आणि यातूनच ती ऐट येते. या तीन रेघा तुम्ही आडव्या सरळ मारल्यात तर वर कितीही सुंदर चेहरा काढा, पासपोर्ट फोटोच होणार.

आता मान. सगळ्यात जास्त चुका इथे होतात. डान्सरची मान लांब दिसते म्हणून लोक ती ओढून लांब काढतात, मग हंस होतो. मान लांब नसते हो, खांदे खाली असतात! मानेपासून खांद्याकडे उतरणारा जो स्नायू आहे तो इतरांच्यात उंच चढलेला असतो, हिच्यात तो सैल सोडलेला असतो, त्यामुळे उतार लांब आणि शांत दिसतो. म्हणजे तुम्ही मोजायचं ते हनुवटीपासून कॉलरबोनच्या मधल्या खळग्यापर्यंतचं अंतर, आणि ते फोटोत डोक्याच्या उंचीच्या किती हिस्सा आहे ते बघून तितकंच ठेवायचं. दुसरं, मान खांबासारखी सरळ उभी नसते, ती मागून पुढे तिरकी येते, मागे ती उंचावर सुरू होते आणि पुढे खळग्यापाशी खाली संपते. तिसरं, कानाच्या मागून निघून त्या खळग्याकडे येणारा लांब स्नायू. डोकं वळलं की तो दोरीसारखा उठून दिसतो, सडपातळ डान्सरमध्ये तर फारच, आणि पोर्ट्रेटमधली ती एक तिरकी रेघ सगळ्या वळणाचा ताण सांगते. कॉलरबोन सरळ काठ्या नसतात, खूप चपटा झालेला एस असतो, आणि जवळचा व लांबचा सारख्या लांबीचे दिसत नाहीत, लांबचा आखूड होतो.

डोकं. डोळे डोक्याच्या उंचीच्या बरोब्बर अर्ध्यावर येतात, हे माहीत असूनही लोक वर काढतात. केस घट्ट मागे बांधल्यामुळे कवटीचा आकार उघडा पडतो, लपवायला जागाच नसते, आणि नवीन माणूस हमखास डोक्याचा मागचा भाग कमी करतो. बाजूने बघताना डोळ्याच्या बाहेरच्या कोपऱ्यापासून हनुवटीपर्यंत जेवढं अंतर, साधारण तेवढंच कोपऱ्यापासून कानाच्या मागच्या कडेपर्यंत, आणि कानाच्याही मागे अजून बरंच डोकं असतं. आंबाडा त्यानंतर. आधी पूर्ण कवटी, मग तिच्यावर आंबाडा बसवायचा, नाहीतर आंबाडाच कवटी होऊन बसतो.

हात दिसत असतील तर कोपर लोंबता ठेवू नका, बोटं सैल, अंगठा मधल्या बोटाच्या जवळ. बोटं एकेक न काढता आधी एक मिटलेला पाकळीसारखा आकार काढा, मग त्यात वाटण्या करा.

स्केच आरशात बघा किंवा मोबाइलवर फोटो काढून उलटा करून बघा, वाकडं असेल ते लगेच दिसतं. इथे वेळ घालवा, रंग चढल्यावर खांदा हलवणं म्हणजे अर्धं चित्र खरवडणं.

उजेड-सावलीचे मोठे ठोकळे

डोळे बारीक करा, इतके की पापण्यांतून फोटो धूसर दिसेल. आता जे दिसतंय तेच काढायचं, गडद, मध्यम, उजळ असे तीन-चार ठोकळे. कडक काडी आडवी धरून, अगदी हलक्या हाताने. दाबायचं नाही! दाबलं की कागदाचे दात पहिल्याच थरात भरून जातात आणि पुढचा रंग घसरतो, मग कितीही घासा, काही बसत नाही.

गडद आधी टाका. आंबाडा, जबड्याखालची मानेवरची सावली, लांबच्या खांद्याची बाजू, मागचा अंधार. बॅकग्राउंड आत्ताच टाका, शेवटी नाही, कारण त्वचा किती उजळ आहे हे शेजारी काय आहे त्यावर ठरतं आणि टूटूला तर मागचा रंग लागणारच आहे. पांढरी काडी आत्ता डब्यातच राहू दे.

या थराला बोटाने किंवा कपड्याने घासलं तरी चालतं, खालचा थर थोडा गुळगुळीत झाला की वरचे स्ट्रोक उठून दिसतात. पण वरच्या थरांत घासाघास बंद. चेहरा सगळा बोटाने घोटला की मेणाच्या बाहुलीसारखा दिसतो आणि रंगपण मळतात, पेस्टलची सगळी मजा रंगाचे कण सुटे चमकण्यात आहे. दोन रंग एकमेकांत न्यायचे असतील तर मधल्या टोनची काडी त्या सीमेवरून हलकी फिरवा.

त्वचा

स्किन कलर नावाची काडी एकटी वापरली की चेहरा मेला. त्वचा थरांनी होते. सावलीत गडद तपकिरीबरोबर जांभळा किंवा मळका हिरवा, मध्यम भागात गेरू आणि विटकरी, उजेडात पिवळसर किंवा पीच. सावळ्या किंवा गडद त्वचेला सावलीत वाइन लाल आणि खोल निळसर जांभळा, मध्यम भागात तांबूस तपकिरी, आणि उजेडाची चमक बहुतेकदा थंड, निळसर असते, खिडकीचा उजेड असेल तर नक्कीच. तिथे पांढरं मिसळून फिकं करत बसलात तर त्वचा राखेसारखी होते.

अजून एक ढोबळ नियम फार कामाचा आहे, कपाळ थोडं पिवळसर, मधला पट्टा म्हणजे गाल, नाक, कान तांबूस, आणि हनुवटी-जबड्याकडे जरा राखाडी किंवा हिरवट. सराव करून थांबलेल्या डान्सरमध्ये तर मधला पट्टा आणि छातीचा वरचा भाग खरंच लाल झालेला असतो, तो लाल दाखवा, चित्र जिवंत होतं.

मानेकडे परत या. जबड्याखालची सावली ही या चित्रातली सगळ्यात महत्त्वाची सावली आहे, ती चेहऱ्याला मानेपासून पुढे आणते. तिची कडा जबड्याच्या हाडाजवळ जरा तीक्ष्ण ठेवा आणि कानाकडे, मानेच्या गोलाईवर विरघळू द्या. पांढऱ्या टूटूवरून किंवा चोळीवरून उजेड परत वर उडतो आणि हनुवटीच्या खाली हलका येऊन पडतो, तो दाखवा, पण उजेडातल्या गालापेक्षा तो नेहमी गडदच राहिला पाहिजे.

डोळ्याचं पांढरं पांढरं नसतं, राखाडी असतं, वरच्या पापणीची सावली त्यावर पडते. नाकपुड्या काळ्या नाहीत, लालसर तपकिरी. ओठांत दोन ओठांमधली रेघ नीट काढली की बाकीचं आपोआप होतं, बाहेरची कडा गिरवू नका. डोळ्यातला चमकीचा ठिपका एकच, अगदी शेवटी. पहिलं चित्र स्टेज मेकअपशिवाय करा, तो मेकअप लांबून दिसावा म्हणून केलेला असतो, जवळून काढला की डोळे उगाच चिकटवल्यासारखे वाटतात.

आंबाडा एकेक केसाने होत नाही. आधी गडद गोळा, मग केस ज्या दिशेने ओढलेत त्या दिशेने मध्यम टोन, मग त्याला आडवा जाणारा चमकीचा एक तुटक पट्टा. कपाळाजवळ केस सुरू होतात तिथे थोडा त्वचेचा रंग केसांत ओढून न्या, नाहीतर विग. मानेवर सुटलेल्या दोन-तीन बटा काढा, जास्त नको.

टूटू

इथे सगळे जाळी विणायला बसतात. उभ्या-आडव्या रेघा मारल्या की झालं मच्छरदाणी.

टूटू दोन प्रकारचे, एक पसरट ताठ, कंबरेपासून आडवा उभा राहणारा, आणि दुसरा पोटरीपर्यंत घंटेसारखा लोंबणारा, रोमँटिक म्हणतात तो. दोन्ही ट्यूलच्या म्हणजे बारीक जाळीच्या कापडाच्या थरांनी बनतात. जिथे खूप थर एकावर एक, तिथे तो पांढरा आणि अपारदर्शक, कडेला जिथे एक-दोनच थर, तिथे आरपार, मागचं जे असेल तेच दिसणार. म्हणून आधी मागचं पूर्ण करा, बॅकग्राउंड, मांडी, हात, जे काय आहे ते, टूटू नाहीच असं समजून. मग मऊ काडी आडवी धरा आणि पिसासारख्या हलक्या हाताने एकदाच ओढा, आतून बाहेर. कागदाचे उंचवटे रंग पकडतात, खळगे मोकळे राहतात, आणि जाळी स्वतःहून तयार होते. हे पहिल्यांदा दिसतं तेव्हा खूप भारी वाटतं, खरंच. तोच स्ट्रोक घोटला तर संपलं, म्हणून शेजारच्या तुकड्यावर चार वेळा हात बसवून मग चित्रावर या.

रंग पांढरा नाही. सावलीतले थर निळसर राखाडी किंवा लव्हेंडर, मधले कोमट करडे, अंगाजवळ त्वचेची किंचित गुलाबी झाक. शुद्ध पांढरा फक्त सगळ्यात पुढच्या, उजेडाकडच्या दोन-तीन घड्यांवर, इथे मात्र दाबून, जाड. मग टोक केलेल्या पेन्सिलने पुढच्या कडेच्या चार-सहा तुटक रेघा, बस, मागची कडा धूसरच राहू दे.

देगाचं लेत्वाल नावाचं चित्र पॅरिसच्या म्युझे दोर्से या संग्रहालयात आहे, साधारण १८७६ चं, मोनोटाइप छापावर, म्हणजे प्लेटवर शाईने काढून कागदावर उमटवलेल्या चित्रावर, पेस्टल. झूम करून त्यातला टूटू बघा, किती कमी काढलंय आणि किती दिसतंय! त्यात उजेड खालून येतो, स्टेजच्या पुढच्या दिव्यांचा, त्यामुळे हनुवटी-गळ्याच्या उजेड-सावल्या आपल्या नेहमीच्या उलट्या पडतात. सुरुवातीला तसा उजेड घेऊ नका, ओळखीचा चेहरासुद्धा त्यात अनोळखी दिसतो.

पाय दिसत असतील तर थोडक्यात. पॉइंट शूचं, म्हणजे पायाच्या बोटांच्या टोकावर उभं राहायच्या बुटाचं, टोक बोथट आणि सपाट असतं, सुईसारखं नाही. सॅटिनवर चमक कडक कडेची येते, ट्यूलवर मऊ, हा फरक दाखवला की कापडं वेगळी कळतात. रिबन घोट्यावर गुंडाळलेली असते आणि गाठ आतल्या बाजूला खोचलेली, बाहेर बो नसतो. आणि पाय बाहेर वळतो तो खुब्यापासून, म्हणून गुडघापण बाहेर बघतो, नुसतं पाऊल वळवलं तर मोडल्यासारखं दिसतं.

थांबणं आणि चुका काढणं

थर जास्त झाले, रंग बसेना, तर राठ ब्रशने पूड हलकेच झाडा आणि खोडरबर मळून दाबून उचला, घासू नका. परत दात मोकळे होतात.

शेवटी चित्रापासून लांब जा, खोलीच्या दुसऱ्या टोकाला, आणि एकच बघा, नजर आधी कुठे जाते. टूटूवर जात असेल तर तिथला पांढरा थोडा खाली आणा आणि जबडा-मान-खांदा या भागात एखादी कडा तीक्ष्ण करा. बऱ्याचदा चित्राला अजून काम नको असतं, कुठेतरी कमी करायचं असतं.

फिक्सेटिव्ह, फ्रेम, ठेवणं

फिक्सेटिव्ह म्हणजे पूड कागदावर धरून ठेवणारा स्प्रे, तो मारला की उजळ रंग काळवंडतात, हे आधी वेगळ्या कागदावर मारून बघा. मी सांगेन की मधल्या थरांवर हलका फवारा द्या, ३० सेंमी लांबून, मोकळ्या हवेत, आणि शेवटचे पांढरे आणि चेहऱ्यावरचे उजेड त्यानंतर टाकून तसेच सोडा.

फ्रेम काचेची. अॅक्रिलिकमध्ये स्टॅटिक असतं, ते पूड कागदावरून ओढून घेतं. चित्र काचेला टेकता कामा नये, मधे माउंट, म्हणजे चित्राभोवतीची जाड पुठ्ठ्याची कड, हवा आणि माउंटच्या मागे एक लपलेली पट्टी, म्हणजे सुटलेली पूड त्या फटीत पडते, माउंटच्या कडेवर पांढरट साचत नाही. थेट उन्हात टांगू नका, काही गुलाबी आणि जांभळे रंग उन्हात उडतात, आणि बॅलेच्या चित्रात नेमके तेच भरपूर असतात, म्हणून काडी घेतानाच तिच्यावरचं लाइटफास्टनेसचं, म्हणजे उजेडात रंग किती टिकतो याचं, रेटिंग बघून घ्या. फ्रेम होईपर्यंत वर ग्लासीन पेपर, म्हणजे गुळगुळीत अर्धपारदर्शक कागद, ठेवा, चारही कोपरे टेपने घट्ट करा म्हणजे तो सरकणार नाही, आणि चित्र आडवं ठेवा, वर काहीही न रचता.